पाण्याच्या आधी निरोप

नोव्हेंबर महिना, रात्रीचे साडेअकरा. इंझोरीकडच्या एका शेतकऱ्याला त्याच्या भावाने आणि शेजाऱ्याने मोटारसायकलवर मध्ये बसवून आमच्या रुग्णालयात आणलं. हरभऱ्याला पाणी द्यायला तो वावरात गेला होता. स्प्रिंकलरचे पाइप बदलताना घोट्याजवळ काहीतरी चावलं. बॅटरीच्या उजेडात अंगावर साखळीसारखे ठिपके असलेला जाड साप दिसला, एवढंच त्याला आठवत होतं. पाय सुजायला लागला होता. पहिलं वाक्य तो बोलला ते असं, "रातची लाईन होती ना साहेब, मंग काय करता?"

वऱ्हाडात विजेला लाईन म्हणतात. शेतीपंपाला थ्री फेज वीज आठवड्यातले काही दिवस दिवसा मिळते, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की माणूस गम बूट असो-नसो, वावरात जातोच. हरभरा थांबत नाही.

साप कोणता हे पाहण्याआधी आम्ही एक साधी तपासणी करतो. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घ्यायचं, वीस मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग नळी तिरपी करायची. रक्त गोठलेलं असेल तर ते जागचं हलत नाही. याचं रक्त पाण्यासारखं वाहिलं. घोणशीचं विष रक्ताची गोठण्याची ताकदच संपवतं. सर्पविषावरची लस लावली. ही लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर चालते, म्हणून साप मारून पिशवीत आणण्याची गरज नसते. दोरी आवळून बांधणं, ब्लेडने चिरणं, विष तोंडाने ओढणं हेही नको. पाय हलू न देता रुग्णाला लवकर आणावं, इतकंच पुरे. हे मी प्रत्येक पावसाळ्यात लिहितो, आज हिवाळ्यातही लिहिलं.

सलाइन चालू असताना वॉर्डातली वीज गेली. जनरेटर पकडेपर्यंत काही सेकंद अंधार. त्या अंधारात सिस्टरांची पहिली नजर गेली ती व्हेंटिलेटरच्या खाटेकडे. तिथे आदल्या दिवशी मण्यार चावलेली मुलगी होती. मण्यारीच्या विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडतात. व्हेंटिलेटरची बॅटरी दगा देईल त्या क्षणी कुणीतरी हाताने फुगा दाबून श्वास चालू ठेवावा लागतो. पूर्वी आम्ही नातेवाइकांनाच ते शिकवायचो, आणि रात्र-रात्र भाऊ, काका, शेजारी आळीपाळीने फुगा दाबत बसायचे.

एकाच रात्रीत एक माणूस वीज अवेळी आली म्हणून दाखल झाला आणि दुसरीचा जीव वीज वेळेवर राहण्यावर टिकून होता. वीज किती तयार होते याच्या बातम्या आपण रोज वाचतो. डॉक्टरच्या दृष्टीने ती केव्हा मिळते हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. आणि 'केव्हा' म्हटलं की गोष्ट थेट हिमालयापर्यंत जाते.

आधी रात्रीच्या लाईनीचं कारण पाहू. आपल्याला सर्वात जवळचं मोठं औष्णिक वीज केंद्र अकोला जिल्ह्यातलं पारस. तिथे २५० मेगावॅटचे दोन संच आहेत. कोळशावरचा संच घरातल्या बल्बसारखा चालू-बंद करता येत नाही. थंड पडलेला बॉयलर पुन्हा तापायला कित्येक तास जातात आणि चालू संच साधारण ५५ टक्क्यांच्या खाली आणायचा नसतो. रात्री बारानंतर शहरं झोपली, कारखाने मंदावले, की ही वीज जायची कुठे? ती शेतीपंपाकडे वळवली गेली. कित्येक वर्षं या हिशेबात शेतकऱ्याची झोप आणि त्याचा घोटा धरलेलाच नव्हता. आता सौरऊर्जेमुळे दिवसाची वीज वाढते आहे आणि दिवसा ओलित करता येईल अशा योजना सुरू आहेत. पण सूर्य मावळल्यावर, साधारण सात ते अकरा या वेळात, देशभरातले दिवे, पंखे, टीव्ही आणि स्वयंपाकघरं एकदम जागी होतात. तेव्हा सौर वीज नसते आणि कोळसा सावकाश चालतो. या चार तासांत सर्वात उपयोगी पडते ती पाण्याची वीज. झडप उघडली की काही मिनिटांत पाणचक्की पूर्ण वेगाने फिरते. हे काम आपल्या राज्यात कोयना अनेक वर्षं करत आली आहे, क्षमता १९६० मेगावॅट.

आता हृदयाची एक गोष्ट सांगतो, ती वीज समजायला सोपी पडते. हृदयाच्या कोट्यवधी पेशी एकमेकींना अशा जोडलेल्या असतात की एकीला मिळालेला इशारा सगळ्यांपर्यंत पोहोचतो आणि सगळ्या एका ठेक्यात आकुंचन पावतात. विजेच्या ग्रिडचंही असंच आहे. देशातलं प्रत्येक जनित्र एकाच ठेक्यात फिरतं, सेकंदाला ५० आवर्तनं. हा ठेका ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्यात ठेवायचा असतो. मागणी वाढली आणि पुरवठा कमी पडला की ठेका किंचित मंद होतो, आणि तो मंद होतो सगळीकडे एकाच वेळी. दक्षिण भारताची ग्रिड बरीच वर्षं या ठेक्याबाहेर होती. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी जोडली गेली आणि सारा देश एका ठेक्यात आला. म्हणजे त्या जोडणीचं एक टोक आपल्या सोलापुरात आहे. भूतानची ग्रिडही याच ठेक्याला बांधलेली आहे. थिंफूच्या दवाखान्यातला पंखा आणि इंझोरीच्या वावरातली मोटर यांची नाडी एकच. इंझोरीत पोहोचणाऱ्या विजेवर ती कुठून आली याचं नाव लिहिलेलं नसतं, पण भूतानच्या नदीवरचं एखादं मोठं जनित्र अचानक बंद पडलं तर ठेक्यातला तो झटका मोजण्याइतका इथेही जाणवतो.

भूतानशी आपला हा व्यवहार पन्नास वर्षांचा आहे. १९७४ मध्ये चुखा प्रकल्पाचा करार झाला. भारताने पैसे दिले, ६० टक्के अनुदान आणि ४० टक्के कर्ज. भूतानने नदी दिली आणि स्वतःची गरज भागवून उरलेली वीज भारताने विकत घ्यायची ठरलं. ३३६ मेगावॅटचं हे केंद्र १९८६ ते १९८८ या काळात सुरू झालं. पुढे कुरिछू ६०, ताला १०२० आणि २०१९ मध्ये मांगदेछू ७२० मेगावॅट. या चौघांची बेरीज २१३६ होते, आपल्या कोयनेपेक्षा थोडी जास्त. ज्या वांगछू नदीवर चुखा आणि ताला आहेत ती खाली पश्चिम बंगालात उतरते तेव्हा तिला रायडाक म्हणतात.

या व्यवहारातलं आरोग्य कुठे, असं कुणी विचारेल. भूतानच्या राज्यघटनेत मूलभूत आरोग्यसेवा मोफत देण्याची जबाबदारी सरकारवर टाकलेली आहे, आणि त्या सरकारच्या उत्पन्नाचा मोठा आधार जलविद्युत आहे. दुसरी गोष्ट स्वयंपाकघरातली. डोंगरातल्या थंड प्रदेशात दारं-खिडक्या बंद ठेवून लाकडाची चूल पेटते तेव्हा धूर बाईच्या आणि तिच्या पाठीवरच्या बाळाच्या फुप्फुसात जातो. आपल्याकडेही विडी कधी न ओढलेली साठीची बाई दम्यासारखा श्वास घेत ओपीडीत येते आणि विचारल्यावर कळतं की चाळीस वर्षं चुलीपुढे गेली. भूतानच्या बहुतेक सगळ्या खेड्यांत वीज पोहोचली आणि भात विजेच्या कुकरमध्ये शिजू लागला, ही माझ्या लेखी कुठल्याही औषधाइतकी मोठी बातमी आहे.

नेपाळची गोष्ट उलटी सुरू होते. पाण्याने भरलेला देश, पण २००९ च्या हिवाळ्यात तिथे दिवसाचे १६ तास भारनियमन होतं. शस्त्रक्रिया डिझेलच्या जनरेटरवर चालायच्या. २०१६ मध्ये ढल्केबर-मुजफ्फरपूर वाहिनी सुरू झाली, भारतातून वीज जाऊ लागली, तिथल्या वीज मंडळाचा कारभारही सुधारला आणि काठमांडूतला अंधार संपला. पाचच वर्षांनी, नोव्हेंबर २०२१ मध्ये, नेपाळने भारताच्या वीज बाजारात वीज विकायला सुरुवात केली. त्रिशूली आणि देवीघाट या भारताच्याच मदतीने उभ्या राहिलेल्या दोन केंद्रांची ती ३९ मेगावॅट वीज होती. जानेवारी २०२४ मध्ये दहा वर्षांत १० हजार मेगावॅटपर्यंत जाण्याचा करार झाला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात नेपाळची ४० मेगावॅट वीज भारतीय तारांवरून बांगलादेशात पोहोचली. आकडा लहान आहे, पण तीन देशांनी एक तार वापरली.

हिमालयातल्या बहुतेक प्रकल्पांत मोठं धरण नसतं. नदीचं पाणी बोगद्यातून वळवून पाणचक्कीवर सोडतात, फार तर संध्याकाळच्या गरजेपुरतं दिवसभराचं पाणी अडवतात. त्यामुळे पावसाळ्यात वीज भरपूर आणि हिवाळ्यात नदी आटली की वीज थोडी. त्या काळात भूतान आणि नेपाळ आपल्याकडून वीज घेतात, आणि आपली वीज म्हणजे मुख्यतः कोळसा. पावसाळ्यात ते आपल्याला पाण्याची वीज देतात, जानेवारीत आपण त्यांना कोळशाची देतो. कोळसा विदर्भातही जळतो. चंद्रपूरचं केंद्र २९२० मेगावॅटचं आहे, शिवाय कोराडी, खापरखेडा आणि आमचं पारस. अडीच मायक्रॉनपेक्षा लहान धूलिकण केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या भागाएवढे असतात. ते फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यापर्यंत जातात आणि तिथून रक्तात उतरतात. दम्याबरोबर हृदयविकार आणि पक्षाघाताचाही धोका ते वाढवतात. हिवाळ्यात हवा जड असते, धूर वर जात नाही. काठमांडूच्या स्वच्छ इंडक्शन शेगडीचा थोडासा धूर कुठेतरी आपल्या अंगणात राहतो. मी या देवघेवीच्या विरोधात नाही, उलट ती वाढावी असंच मला वाटतं. फक्त बिल कुठे फाटतं ते माहीत असावं.

सगळी वीज हिमालयातूनच आणावी लागते असं नाही. दोन शेजाऱ्यांनी एका नदीवर एकत्र वीज बनवायची, हे आपण विदर्भातच करून बसलो आहोत. नागपूर जिल्ह्यात रामटेकच्या उत्तरेला, पेंचच्या जंगलात, मध्य प्रदेशाच्या सीमेवर तोतलाडोह धरण आहे. त्याचं वीज केंद्र १६० मेगावॅटचं. वीज मध्य प्रदेशाला दोन हिस्से आणि महाराष्ट्राला एक हिस्सा. पाणचक्की पाणी पीत नाही, फिरवून पुढे सोडते. तेच पाणी खाली नवेगाव खैरीच्या धरणात येतं आणि तिथून कालव्यांना, औष्णिक केंद्रांना आणि नागपूर शहराच्या नळांना जातं. वाशीम-यवतमाळचा गंभीर रुग्ण ज्या नागपूरला आम्ही पाठवतो, तिथल्या वॉर्डात त्याने प्यायलेलं पाणी आधी एका आंतरराज्य वीज केंद्रातून येऊन गेलेलं असतं.

पाऊस नेमाने पडला तर या व्यवस्थेत भांडण नाही. २०१९ च्या जुलैत तोतलाडोहातलं वापरण्याजोगं पाणी संपलं. पाऊस लांबला होता, आणि वरच्या बाजूला छिंदवाडा जिल्ह्यात मध्य प्रदेशाच्या वाट्याचं पाणी अडवणारं चौराई धरण उभं राहिलं होतं, त्यामुळे येणारं पाणी घटलं होतं. नागपुरात नळ एक दिवसाआड आले. दिवसाआड पाणी म्हणजे नुसती गैरसोय, असं पाणीवाटपाच्या बैठकीत बसणाऱ्यांना वाटत असावं. आमच्या डोळ्यांपुढे वेगळं चित्र येतं. लोक मिळेल त्या भांड्यात पाणी साठवतात. डेंग्यूचा एडिस डास गटारात अंडी घालत नाही, त्याला असंच घरातलं स्वच्छ साठवलेलं पाणी लागतं. अंड्यापासून डास तयार व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. टाकी रिकामी करून पुन्हा भरली तरी काठाला चिकटलेली अंडी महिनोन्‌महिने कोरडी जिवंत राहतात, म्हणून भांडं घासून कोरडं करायला सांगतो. दुसरी गोष्ट, नळ बंद असताना पाइपातला दाब जातो आणि गळक्या जोडातून बाजूच्या नालीचं पाणी आत ओढलं जातं. पहिल्या धारेचं पाणी सोडून द्यावं ते यासाठी. वर धरणात पाणी केव्हा अडलं आणि केव्हा सुटलं, त्याचा हिशेब असा खालच्या बालरोग विभागात येऊन पोहोचतो.

साधारण एका वर्षाने, ऑगस्ट २०२० च्या अखेरीस, याच सीमेवरून उलटा प्रकार झाला. मध्य प्रदेशात प्रचंड पाऊस पडला. वरची धरणं भरली आणि दरवाजे उघडले. पेंचचं पाणी कामठीजवळ कन्हानला मिळतं आणि कन्हान वैनगंगेला. तिकडे वैनगंगाही भरून आली होती. गोसीखुर्दचे सगळे ३३ दरवाजे उघडावे लागले. भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीतली गावं पाण्यात गेली, आणि कित्येक ठिकाणी गावकऱ्यांचं म्हणणं एकच होतं की त्यांच्याकडे पाऊस नव्हता. आकाश कोरडं होतं, पाणी दुसऱ्या राज्यातून आलं. किती पाणी सुटलं, ते किती तासांनी कुठे पोहोचेल, हे वरच्यांनी खालच्यांना वेळेवर सांगितलं का, यावर नंतर बराच वाद झाला.

वीज विकायची असली की दोन राज्यांची किंवा दोन देशांची यंत्रणा दर पंधरा मिनिटांचा हिशेब ठेवते. पुढच्या दिवशीच्या प्रत्येक पाव तासात किती वीज द्यायची ते आदल्या दिवशी ठरतं, आणि चूक झाली तर दंड असतो. पाण्याच्या बाबतीत इतका काटेकोर निरोप फार कमी ठिकाणी मिळतो. हिमालयात हा फरक जीवघेणा ठरतो. ११ जुलै १९८१ ला तिबेटातला एक हिमतलाव फुटला आणि नेपाळ-चीन सीमेवरचा मैत्री पूल व खालच्या सुनकोशी वीज केंद्राचं मोठं नुकसान झालं. ८ जुलै २०२५ ला दुसऱ्या खोऱ्यात, रसुवागढी इथे, जवळपास तेच पुन्हा घडलं. तिबेटकडून लोंढा आला, पूल वाहून गेला, जलविद्युत प्रकल्प बंद पडले. आधी सूचना मिळाली नाही, अशी नेपाळच्या बाजूची तक्रार होती. मधल्या चव्वेचाळीस वर्षांत दोन्हीकडे किती तारा ओढल्या गेल्या असतील. आपल्या सिक्कीममध्ये ३ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री दक्षिण ल्होनाक हा हिमतलाव फुटला आणि १२०० मेगावॅटच्या तीस्ता-३ प्रकल्पाचं चुंगथांगचं धरणच वाहून गेलं. त्या तलावावर धोक्याची सूचना देणारी पूर्ण यंत्रणा उभी व्हायची होती. तीस्ता तिथून बांगलादेशात जाते.

चीनशी ब्रह्मपुत्रेच्या पाण्याची माहिती पावसाळ्यात मिळावी असा करार २००२ मध्ये झाला होता. २०१७ मध्ये डोकलामचा तणाव होता, त्या वर्षी माहिती आली नाही. २०२३ मध्ये कराराची मुदत संपली. आता त्याच नदीच्या वरच्या वळणावर चीनने सुमारे ६० हजार मेगावॅटचा म्हणून सांगितला जाणारा प्रकल्प हाती घेतला आहे. याच्या उलटही घडतं. एप्रिल २०२५ मध्ये भारताने सिंधू करार स्थगित केला, पण ऑगस्टमध्ये जम्मूत तवी नदीला पूर आला तेव्हा भारताने उच्चायुक्तालयामार्फत पाकिस्तानला सावध केलं, मानवतेच्या भूमिकेतून. करारावर कुणाचं काय मत असेल ते असो. एक डॉक्टर म्हणून मला त्या एका निरोपात रस आहे.

कारण सहा तास आधी निरोप मिळाला तर आम्ही काय करू शकतो, हे मला माहीत आहे. आठवा महिना उलटलेल्या बायकांची यादी आशाताईंकडे असते, त्यांना पूर येण्याआधी दवाखान्याच्या गावी हलवता येतं. डायलिसिस आठवड्यातून दोन-तीनदा लागणारे रुग्ण वरच्या केंद्रात पाठवता येतात. इन्सुलिन घेणाऱ्याला पंधरा दिवसांचा साठा आणि टीबीच्या रुग्णाला गोळ्यांचं पाकीट हातात देता येतं. सर्पविषाची लस नदीच्या दोन्ही तीरांवर वाटून ठेवता येते, कारण पुरात साप आणि माणूस एकाच उंचवट्यावर चढतात आणि पूल पाण्याखाली असतो. निरोप पाण्याबरोबर आला तर यातलं काहीच होत नाही, मग फक्त होडी आणि दोर.

पाणी ओसरल्यावर आजारही क्रमाने येतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत जखमा आणि सर्पदंश. आठवड्याच्या आत जुलाब, कारण विहिरींत पुराचं पाणी शिरलेलं असतं. गाळ काढल्यावर हजार लिटर पाण्याला चांगली ब्लीचिंग पावडर अडीच ग्रॅम, आणि तासाभराने क्लोरीन उरलं आहे का ते तपासायचं. गढूळ पाण्यात तेवढी पावडर पुरत नाही. एक-दोन आठवड्यांत लेप्टोस्पायरोसिस येतो. उंदरांच्या लघवीने दूषित चिखलातून तो पायाच्या भेगांमधून शिरतो. ताप, पोटऱ्या प्रचंड दुखणं, डोळे लाल. चिखलात काम केलं आहे हे डॉक्टरला आपणहून सांगा, औषध लवकर सुरू झालं तर मूत्रपिंडं वाचतात. डास येतात त्यानंतर.

आमच्या लशीच्या फ्रिजकडे पाहिलं की मला गंमत वाटते. लहान मुलांच्या लशी दोन ते आठ अंश तापमानात ठेवाव्या लागतात. त्यासाठीचा बर्फाच्या अस्तराचा फ्रिज दिवसात आठ तास वीज मिळाली तरी तग धरतो, झाकण उगाच उघडलं नाही तर. जास्त थंड झालं तरीही काही लशी बाद होतात, हे पुष्कळांना माहीत नसतं. या फ्रिजमध्ये सिमकार्ड असलेला तापमापक बसवलेला आहे. तापमान पट्ट्याबाहेर गेलं की जबाबदार कर्मचाऱ्याच्या मोबाईलवर संदेश येतो, रात्री तीन वाजता असला तरी. फ्रिजचं तापमान हलल्यावर रात्री तीन वाजता मोबाईल वाजतो. एखाद्या खोऱ्यातली नदी मीटरभर चढली तर खालच्या देशातल्या, खालच्या राज्यातल्या आरोग्य केंद्राचा मोबाईल असाच वाजायला काय हरकत आहे? मोजणारी यंत्रं आहेत, तारा आहेत, आणि वीज विकत घेणाऱ्या-देणाऱ्यांचे नियंत्रण कक्ष चोवीस तास एकमेकांशी बोलतच असतात.

आम्ही वाशीमवाले या गोष्टीत फक्त खालचे आहोत असं मात्र नाही. मानोरा-कारंजा भागातलं पाणी अडाण-अरुणावतीतून पैनगंगेला जातं, पैनगंगा वर्धेला मिळते, आणि वर्धा व वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते. म्हणजे इंझोरीच्या वावरावरून वाहिलेलं पाणी आणि तोतलाडोहातून सुटलेलं पाणी अखेर एका पात्रात येतं, आणि पुढे तेलंगणाच्या वाट्याला जातं. तिथल्या एखाद्या डॉक्टरच्या लेखी वरचे शेजारी आम्हीच.

तो शेतकरी चौथ्या दिवशी घरी गेला. रक्त दुसऱ्या दिवशीच गोठायला लागलं होतं, मूत्रपिंडं शाबूत होती, सूज उतरायला अजून दोन आठवडे लागतील असं सांगितलं. ती मुलगीही व्हेंटिलेटरवरून निघाली. डिस्चार्जचा कागद लिहीत असताना मी त्याला भूतान-नेपाळची ही सगळी गोष्ट थोडक्यात सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, "साहेब, त्याइच्याकडे मोटरीले लाईन दिवसा राह्यते का?" मला उत्तर देता आलं नाही. तेवढ्यात त्याच्या भावाच्या मोबाईलवर गावच्या ग्रुपचा संदेश आला, पुढच्या आठवड्याचं वेळापत्रक. सोमवार ते गुरुवार, रात्री. भावाने ते वाचलं आणि गम बूट घ्यायला दोघे बाजारात गेले.